बंदुकीला कुणाचा हात लागला होता

मी बंदूक विकत घेतली ही बातमी आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एका शनिवार-रविवारात पोचली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मिनियापोलिसच्या आसपास मराठी घरं होतीच किती! एका घरी पॉटलक झालं, प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणून जेवण झालं, की सगळ्यांचं सगळं सगळ्यांना कळायचं. एकीनं फोन करून विचारलं, "अगं, तुमच्याकडे चोरी झाली का?" दुसरीनं बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून हळूच चौकशी केली, आमचं दोघांचं बरं चाललंय ना म्हणून.

खरं तर ती साधी छऱ्याची बंदूक होती, स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल. दारू नाही, धूर नाही, कानठळ्या बसवणारा आवाज नाही. जत्रेत फुगे फोडायला असते त्याच जातीची, फक्त जर्मनीत नीट बनवलेली, अक्रोडाच्या दस्त्याची. मी नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत होते. कॅम्पमध्ये नेमबाजीला उतरले की माझ्या गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची, आणि आमचे सुभेदार साहेब ते कागद मुलांच्या तुकडीला नेऊन दाखवायचे. लग्न झालं, अमेरिकेत आले, ते सगळं मागे पडलं. मिनियापोलिसजवळ ईडन प्रेरीला घर घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझा जीव घुसमटायला लागला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोप, घरी आलं की अंधार, आणि खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. एक दिवस खेळाच्या सामानाच्या दुकानात बर्फाचे बूट घ्यायला गेले आणि भिंतीवर ती रायफल दिसली. मी सहज लायसन्सचं विचारलं, तर काउंटरवरचा माणूस हसला. "बाई, याला काही लागत नाही," म्हणाला.

नवऱ्यानं खोका बघितला आणि एवढंच विचारलं, "बूट कुठे आहेत?"

आमचं लग्न ठरवून झालेलं. पुण्याहून आलेली स्थळाची पत्रिका, कांदेपोहे, सगळं रीतसर. इकडे आल्यावर पहिल्या वर्षातच माझं अहो-जाहो गळून पडलं, कारण घरात आम्ही दोघंच आणि बर्फ ढकलायचं फावडंही एकच. मूल अजून नव्हतं. नवरा एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत इंजिनियर होता. अबोल म्हणता येणार नाही, पण मनातलं बोलायला त्याला वेळ लागायचा.

बेसमेंटच्या एका टोकाला मी एक मोठा खोका ठेवला, त्यात जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठासून भरल्या, मागे प्लायवूड लावलं. दुसऱ्या टोकाला, वॉशिंग मशीनजवळ, उभी राहून नेम धरायची. स्प्रिंगच्या रायफलची एक गंमत आहे, जी कॅम्पमधल्या रायफलला नव्हती. नळी खाली वाकवली की आत जाड स्प्रिंग दबून बसते. घोडा ओढला की ती सुटते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा झटका देते. तुम्ही तिला घट्ट आवळून धरलं तर नेम हमखास चुकतो. तळहातावर नुसती टेकवायची, झोके घेऊ द्यायची. हे मला कळायला आठवडे लागले. कळलं तेव्हा मात्र त्या हिवाळ्याचं ओझं अर्धं झालं. संध्याकाळी स्वयंपाक झाला की मी खाली जायची. स्प्रिंगचा 'टंग', डिरेक्टरीतला 'थप'. वर सोफ्यावर नवरा बातम्या बघत असायचा.

त्याला तिच्यात रस नव्हता. निदान मी तसं धरून चालले होते.

उन्हाळ्यात मागच्या अंगणात आम्ही मेथी आणि टोमॅटो लावले. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेले, बायको वारलेली, सोबतीला तांबूस रंगाचा एक दांडगा कुत्रा. आमच्या दोन अंगणांत कुंपण नव्हतं. तो कुत्रा सरळ येऊन मेथीच्या वाफ्यात खड्डे करायचा. माझा नवरा तसा शांत, पण ऑगस्टच्या अखेरीला एका सकाळी वाफा उपसलेला बघून तो असा काही भडकला की मी बघतच राहिले. हातातला पाण्याचा पाइप त्यानं गवतावर आपटला आणि मराठीतच ओरडला, "याला एकदा कायमचा धडा शिकवायला पाहिजे!" शेजारी आपल्या डेकवर कॉफी पीत बसले होते. शब्द कळले नसतील, पण सूर कळला असणार.

गणपतीला आम्ही सगळे एका डॉक्टर काकांकडे जमलो. ते आमच्यात सगळ्यांत आधी आलेले, म्हणून सगळ्यांचेच काका. त्यांच्या आग्रहावरून मी रायफल नेली होती. जेवणं झाल्यावर त्यांच्या मागच्या झाडीत एका ओंडक्यावर सोड्याचे रिकामे कॅन मांडले आणि जो तो हौस भागवायला लागला. माझ्या नवऱ्यानंही घेतली. त्याचा एकही कॅन पडला नाही. प्रत्येक वेळी त्याची बोटं दस्त्यावर पांढरी पडेपर्यंत आवळलेली. मी म्हटलं, "अरे, सैल धर." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"असू दे," काका मोठ्यानं म्हणाले, "घरात एक तरी नेमबाज आहे ना!" सगळे हसले.

मग काकांनीच त्याला बाजूला घेऊन विचारलं, "कंपनीत कसं काय? ऐकतो, माणसं कमी करताहेत म्हणे."

"आमच्या ग्रुपला काही नाही," तो म्हणाला आणि कॅन गोळा करायला वाकला.

सप्टेंबर संपत आला असताना एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. शेजारी उभे होते. टोपी हातात. एरवी ते येताना काहीतरी घेऊन यायचे, झुकिनी, नाहीतर त्यांच्या झाडाची सफरचंदं. आज रिकाम्या हातानं आलेले.

"माझ्या कुत्र्याला कुणीतरी गोळी मारलीय," ते म्हणाले. "मागच्या पायात. व्हेटकडे नेऊन काढावी लागली. तुमच्याकडे ती हवेची बंदूक आहे ना?"

मी म्हटलं, आहे, पण मी फक्त बेसमेंटमध्ये चालवते. बाहेर कधीच नाही.

"ठाऊक आहे मला. आवाज येतो." ते माझ्या खांद्यावरून आत, बेसमेंटच्या जिन्याकडे बघत होते. "मी तुमच्यावर आरोप करत नाहीये. मी पोलिसांनाही अजून फोन केलेला नाही. विचारायला आलो, इतकंच."

'अजून' हा शब्द ते गेल्यावरही माझ्या कानात राहिला. आमच्याकडे ग्रीन कार्ड होतं, कागदपत्रं सगळी ठीक होती, तरीही पोलीस म्हटलं की आम्ही बिचकायचोच.

नवरा घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. बूट काढता काढता तो थांबला. खाली बघतच त्यानं विचारलं, "तू तर नाही ना केलंस?"

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. पण त्यानं वर बघितलं तेव्हा चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"मी?"

"नाही, म्हणजे... नेम तुझाच चांगला आहे. आणि तो कुत्रा एकदा तुझ्या अंगावर आला होता ना, मेलबॉक्सपाशी."

"म्हणून मी मुक्या जनावराला गोळी घालीन?"

"मी नुसतं विचारलं."

"त्या माणसानंही नुसतंच विचारलं," मी म्हटलं, आणि ताट न वाढताच खाली निघून गेले.

राग घालवायला मी रायफल काढली. पहिला छर्रा डावीकडे खाली गेला. दुसरा त्याच्याच शेजारी. तिसराही. मी कागद जवळ आणून पाहिला. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली, पण मधल्या काळ्या वर्तुळापासून बोटभर लांब. माझा हात चुकला असता तर भोकं इतस्ततः पडली असती. मी बंदूक दिव्याखाली धरली. नेम वरखाली आणि डावा-उजवा करायला मागे दोन छोटी चाकं असतात. ती मी महिनोन्‌महिने हलवली नव्हती. आता दोन्ही फिरवलेली होती.

काकांकडे कुणी फिरवली असतील? पण गणपतीनंतर मी एकदा चालवली होती, आणि तेव्हा नेम जिथल्या तिथे होता.

म्हणजे त्यानंतर बंदुकीला कुणाचा तरी हात लागला होता. घरात माणसं दोन.

मी वर आले. तो गॅसपाशी वरण गरम करत होता. शक्य तितक्या साध्या आवाजात मी विचारलं, "माझ्या रायफलला हात लावला होतास का रे?"

"मी कशाला लावू?" त्यानं मागे वळूनही बघितलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन माणसं एकमेकांवर पाळत ठेवून राहायला लागली. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. माझ्या मनातलं मात्र मला तेव्हाही कळत होतं, आणि ते आवडत नव्हतं. तो कुत्र्यावर ओरडला होता तो क्षण मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणायची. 'कायमचा धडा' म्हणाला होता की नुसताच 'धडा'? छऱ्यांचा डबा हातात घेऊन वजन अजमावायची, तर तो हलका लागायचा. बेसमेंटमध्ये जळक्या तेलाचा बारीक वास यायचा. नळीत तेल जास्त झालं की बार काढल्यावर येतो तो वास. मी तर आठवडाभर बार काढलेला नव्हता.

शेवटी मी एक गोष्ट केली. बंदुकीच्या कॅनव्हासच्या पिशवीला झिप होती. मी माझा एक लांब केस तिच्या दातांत आडवा अडकवून ठेवला. सहज बघणाऱ्याला दिसणार नाही, पण झिप उघडली तर तुटेल किंवा पडेल. वर येऊन हात धुताना आरशात स्वतःकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केस जागेवर नव्हता.

"कसा गेला दिवस?" जेवताना मी विचारलं.

"मीटिंग्ज," तो म्हणाला. "नुसत्या मीटिंग्ज."

"लंचला काय खाल्लंस?"

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "डबाच. का गं?"

"काही नाही."

त्याच आठवड्यात डॉक्टर काकांच्या घरून काकूंचा फोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमाला कुणी काय करून आणायचं ते ठरवत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आणि ते शेजाऱ्याच्या कुत्र्याचं काय झालं गं? मिटलं का?"

मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. "तुम्हाला कुठून कळलं, काकू?"

"अगं, तोच म्हणाला. परवा दुपारी आला होता ना, काकांना भेटायला."

"दुपारी? परवा तर कामाचा दिवस होता."

"दुपारी म्हणजे... संध्याकाळीच असेल. मला मेलीला काही लक्षात राहत नाही." आणि त्यांनी घाईघाईनं पुन्हा करंज्यांचा विषय काढला.

मी फोन ठेवला. काकू गोंधळल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडून निसटलं होतं आणि त्या ते सावरत होत्या. म्हणजे काका-काकूंना काहीतरी माहीत होतं, जे मला माहीत नव्हतं. कुत्र्याला यानं मारलं आणि जाऊन काकांपाशी कबूल केलं? की आणखी काही होतं? दुपारी तो ऑफिसात नसतो तर कुठे असतो, कुणाबरोबर असतो? एकदा मनाचं दार उघडलं की आत काय काय शिरतं याला धरबंध नसतो.

आणि शनिवारी शेजाऱ्यांनी उरलंसुरलं पूर्ण केलं. मी गाडीतून वाणसामान काढत होते, ते पानं गोळा करत होते. कुत्रा तीन पायांवर उड्या मारत त्यांच्यामागे. मी विचारलं, कसा आहे म्हणून.

"बरा होतोय," ते म्हणाले. मग त्यांनी हातातलं दाताळं थांबवलं. "तुम्ही म्हणालात, बंदूक तुम्ही चालवता. संध्याकाळी."

"हो."

"तुमची गाडी सकाळी सात वाजता जाते. मी बघतो." ते सावकाश बोलत होते, एकेक शब्द तोलून. "पण आवाज मला दिवसा येतो. सकाळी, दहा-साडेदहाला. बेसमेंटच्या त्या छोट्या खिडकीतून. रोज नाही म्हणणार, पण बहुतेक दिवशी."

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हटलं. "दिवसा आमच्या घरी कुणी नसतं."

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि पानं ओढायला लागले. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

मंगळवारी लॅबमध्ये मी बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि सकाळीच निघाले. खोटं नव्हतं ते. गाडी आमच्या रस्त्याच्या तोंडाशी लावली आणि चालत आले. गॅरेजच्या दाराला वर काचेची एक पट्टी होती. टाचा उंचावून आत पाहिलं. त्याची गाडी आत होती.

मी घराला वळसा घालून मागे गेले. बेसमेंटची खिडकी जमिनीलगत, वीतभर उंचीची. तिच्यापाशी गवतावर उकिडवी बसले. आतून 'टंग' आवाज आला. मग 'थप'. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा 'टंग'.

पुढच्या दाराशी आले, तर मी आधी गाडीचीच किल्ली भोकात घालत होते. जिना उतरताना मी मुद्दाम पाय आपटले, त्याला दचकवायचं नव्हतं. तरी तो दचकला.

वॉशिंग मशीनला पाठ टेकून तो जमिनीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, टाय, ऑफिसचे बूट. टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमध्ये खोचलेलं, मध्ये येऊ नये म्हणून. गुडघ्यावर रायफल होती. आणि त्यानं ती आवळलेली नव्हती. तळहातावर नुसती टेकवलेली.

"लवकर आलीस," तो म्हणाला.

मी एवढंच विचारू शकले. "कुत्र्याला तू मारलंस?"

त्याच्या चेहऱ्यावर आलेलं आश्चर्य खरं होतं. इतकं खरं की मला तेवढ्यातही जरा बरं वाटलं.

"नाही! मला वाटत होतं, तू."

"मी नाही म्हटलं होतं ना तुला!"

"मीही बंदुकीला हात लावला नाही म्हटलं होतं," तो म्हणाला. "माणूस नाही म्हणतो, गं." मग त्यानं रायफल उचलून हळूच बाजूला ठेवली, नळी भिंतीकडे करून, आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "मला काढलंय."

"काय?"

"कंपनीतून. ऑगस्टमध्ये. अख्खा ग्रुपच बंद केला. सकाळी बोलावलं आणि दुपारपर्यंत खोका भरून बाहेर."

मी शेवटच्या पायरीवर बसले. ऑगस्ट. म्हणजे मेथीच्या वाफ्याची ती सकाळ, गणपती, सगळं त्यानंतरचं. रोज मी निघाले की तोही निघायचा. चौकापर्यंत जाऊन, मी हायवेला लागले की मागे फिरायचा. गाडी गॅरेजमध्ये, दार बंद. सकाळी नोकऱ्यांसाठी फोन करायचे, अर्ज टाइप करायचे, आणि मग दिवस संपता संपायचा नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. आधी वाटलं, दुसरी मिळाली की एकदमच सांगू. मग गणपतीला सगळे हसले, त्या दिवशी रात्रीच सांगणार होतो. पण..." त्यानं खोक्याकडे बोट केलं. "दुसऱ्या दिवशी इथे येऊन बसलो. म्हटलं, निदान एक गोष्ट तरी जमते का बघू."

मी उठून कागद पाहिला. मधल्या काळ्या वर्तुळात एक फाटकं भोक होतं. बरेच छर्रे एकाच ठिकाणी गेल्यावर पडतं तसं. मला त्याच्याइतकं चांगलं त्या रायफलनं कधी मारता आलं नव्हतं.

"काकांना माहीत आहे," मी म्हटलं.

"त्यांच्या ओळखीचे आहेत एक, टेक्सासला. म्हणून गेलो होतो."

"माझ्याआधी त्यांना सांगितलंस."

मी रडले, आणि रडता रडता त्याला केसाबद्दल सांगितलं, झिपमध्ये अडकवलेल्या. तो आधी समजलाच नाही. समजला तेव्हा हसायला लागला, आणि मग त्याचं हसूही मध्येच मोडलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं मिळून शेजाऱ्यांकडे गेलो. मी बशीत आमचे काही छर्रे नेले होते. नवऱ्यानं त्यांना इंग्रजीत सरळ सांगून टाकलं, माझी नोकरी गेलीय, दिवसा घरी मीच असतो, आवाज तुम्ही बरोबर ऐकलात, पण बाहेर एकही बार काढलेला नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि आम्हाला किचनमध्ये बसवलं. मी विचारलं, व्हेटनं काढलेली गोळी आहे का? त्यांनी खिडकीतल्या कपातून ती काढून टेबलावर ठेवली. लहान, गोल, तांब्याच्या रंगाची. आमचे छर्रे शिशाचे, कमरेत दाबलेले. मला बघताक्षणी फरक कळला, पण त्यांना पटायला हवं होतं. त्यांच्या फ्रिजवर कूपन अडकवलेलं एक चुंबक होतं. मी ते मागितलं. गोल गोळी टुणकन उडून त्याला चिकटली. आतून पोलादी होती ती. आमच्या छऱ्यांवरून चुंबक फिरवलं, ते हललेही नाहीत.

त्यांनी स्वतः दोन-तीनदा करून पाहिलं. मग म्हणाले, "ही बीबी गन. पोरांची असते तसली. अख्ख्या रस्त्यावर निम्म्या घरांत असेल." आणि मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "वाईट वाटलं तुझ्या नोकरीचं ऐकून. मलाही एकदा काढलं होतं. बायकोला सांगायला मी नाताळ उलटू दिला."

त्यांनी माफी मागितली नाही, आणि मला ती नकोही होती. पण त्या दिवसानंतर ते फक्त आमच्याच घराकडे बघायचं थांबले आणि सगळ्या घरांकडे बघायला लागले. आम्हीही. समोरच्या घरातला माणूस पत्रं काढायला आला की मला वाटायचं, याचं तर काम नसेल? कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईनं एकदा कुत्र्याची विचारपूस केली, तर शेजारी नंतर मला म्हणाले, "तिला कसं माहीत, कुठल्या पायाला लागलं होतं?" कुत्र्याला कुणी मारलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो बरा झाला, फक्त धावताना थोडा तिरका धावायचा.

दिवाळीच्या कार्यक्रमाला काकूंनी मला बाजूला घेऊन हात धरला. "त्यानं शपथ घातली होती गं." मी म्हटलं, असू दे काकू. बोलले तशी, पण माझ्या हातातली ताटली मी त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कुणाला दिली, हे माझं मलाच जाणवलं.

तो हिवाळा आम्ही माझ्या पगारावर काढला. दिवसा तो अर्ज करायचा, स्वयंपाक करायचा, बर्फ ढकलायचा. संध्याकाळी आम्ही दोघं खाली जायचो. चाकांवरून आमची भांडणं व्हायची, त्याला ती एका जागी हवीत, मला दुसऱ्या. शेवटी त्यानं ठरवलं की माझ्या खुणेवरच तो नेम धरायला शिकेल, आणि शिकला.

बर्फ वितळताना टेक्सासमधून बोलावणं आलं, डॅलसजवळच्या अर्विंगच्या एका कंपनीतून. काकांच्या त्याच ओळखीनं. आम्ही घर विकलं आणि निघालो. डॅलसच्या त्या सपाट, पांढऱ्या उन्हात आल्यावर पहिले काही दिवस मला डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

तो नोकरीला लागला त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, मला म्हणाला, "चल, ऑफिस दाखवतो."

"रविवारी?"

"माझ्याकडे कार्ड आहे. चल तर."

मी असं काही मागितलं नव्हतं. रिकाम्या पार्किंगमध्ये त्यानं गाडी लावली, काचेचं दार कार्डानं उघडलं, लांबच लांब मोकळ्या खोलीतून मला त्याच्या टेबलापाशी नेलं. टेबलावर त्याच्या नावाची पट्टी होती. त्यानं मला खुर्चीत बसवलं. फोन उचलून कानाला लावून दाखवला, डायल टोन येत होता. कुणाबरोबर काम करतो, कोण कुठे बसतं, बॉसची खोली कुठली, सगळं सांगितलं. मग एकेक करून टेबलाचे ड्रॉवर उघडून दाखवले. वरच्यात पेन्सिली, मधल्यात फाइली, खालच्यात त्याचा ढगळ जुना स्वेटर, एसीसाठी.

"पुरे, अरे," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. शेवटचा ड्रॉवर उघडेपर्यंत मी बघत राहिले.